फळ्यावरचा शब्दांचा ढग

आज आपण वर्गात वापरायच्या एका साध्या, बिनखर्चाच्या साधनाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव आहे शब्दांचा ढग. काही शिक्षक त्याला शब्दमेघ म्हणतात, काही जण इंग्रजी नावानं वर्ड क्लाऊड म्हणतात. नाव कोणतंही घ्या, वस्तू एकच.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांचा वर्गाशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या गटांच्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड आणि हिशोबाच्या जोडीला शिक्षणही आहे. पहिलीच्या मुलांसाठी गावोगाव माता-पालक गट झाले आहेत, त्यात आपल्याच सख्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत आपण आहोत. आणि संध्याकाळी समाजमंदिरात साक्षरतेचा वर्ग भरतो, तिथे तर शिकणारीही आपली आणि शिकवणारीही आपली. म्हणून वर्ग हा विषय फक्त गुरुजींचा नाही.

ढग म्हणजे काय?

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून डोळ्यांसमोर आणा. एका मोठ्या कागदावर पंधरा-वीस शब्द लिहिलेत. काही शब्द भाकरीएवढे मोठे, काही पुरीएवढे, काही बत्ताशाएवढे. ओळीत नाहीत, एकमेकांना चिकटून पसरलेत, म्हणून लांबून ढगासारखे दिसतात. यात नियम एकच. जो शब्द जास्त जणांनी सांगितला तो मोठा, जो कमी जणांनी सांगितला तो लहान.

झालं, एवढंच. वर्गात कोण काय बोललं, हे कागदाकडे नुसतं बघून कळतं. ज्याला भरभर वाचता येत नाही त्यालाही आकारावरून समजतं की इथे कशाचा बोलबाला आहे.

ही कल्पना तशी जुनी आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाच्या १९७६ सालच्या अभ्यासात पॅरिस शहरातल्या लोकांच्या मनातला नकाशा असाच मांडला होता. जी ठिकाणं जास्त लोकांनी सांगितली त्यांची नावं मोठ्या अक्षरात आली. पुढे इंटरनेटवर अशी लहानमोठ्या शब्दांची चित्रं दिसू लागली आणि २००८ साली जोनाथन फाइनबर्ग यांनी 'वर्डल' नावाचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. हल्ली त्याच नावाचा शब्दकोड्याचा खेळ आहे, तो वेगळा. फाइनबर्ग यांच्या साधनामुळे जगभरातल्या शिक्षकांना ढग करणं सोपं झालं. आपल्याला मात्र कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. उलट हातानं केलेला ढग जास्त शिकवतो, असं आमचं मत आहे. का, ते पुढे येईलच.

हातानं ढग कसा करायचा?

लागणारं सामान असं : जुन्या वहीचे कोरे कागद फाडून केलेल्या चिठ्ठ्या, रंगीत खडू किंवा स्केचपेन, एक मोठा कागद किंवा फळा, आणि मूठभर चिंचोके.

पहिली पायरी, प्रश्न. प्रश्न असा हवा की ज्याचं एकच बरोबर उत्तर नाही. 'महाराष्ट्राची राजधानी कोणती' याचा ढग होत नाही, कारण सगळ्यांचं उत्तर एकच. 'पाऊस म्हटलं की तुला काय काय आठवतं' याचा ढग होतो. 'शाळेत येताना काय अडतं' याचाही होतो.

दुसरी पायरी, चिठ्ठ्या. प्रत्येकानं तीन चिठ्ठ्यांवर तीन वेगळे शब्द लिहायचे. एकमेकांचं बघायचं नाही, नाव घालायचं नाही. हे महत्त्वाचं आहे. हात वर करून उत्तरं मागितली की नेहमीची चार मुलं बोलतात आणि बाकीची त्यांच्याकडे बघत बसतात. चिठ्ठीत मात्र शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही तीनच शब्द आणि वर्गाच्या मॉनिटरलाही तीनच. आपल्या गटात दर महिन्याला प्रत्येकीची बचत सारखी असते ना, तसंच. ज्या मुलांना अजून लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं किंवा बाईंच्या कानात सांगावं.

तिसरी पायरी, ढीग. सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि सारखे शब्द एकत्र ठेवायचे. हे काम मुलांनीच करायचं. प्रत्येक ढिगाशेजारी जितक्या चिठ्ठ्या तितके चिंचोके ओळीनं मांडायचे.

चौथी पायरी, आकार. आम्ही असं माप धरतो : शब्द एकदा किंवा दोनदा आला तर अक्षर एक बोट उंच, तीन ते पाच वेळा आला तर दोन बोटं, सहा ते नऊ वेळा आला तर चार बोटं, आणि दहा किंवा जास्त वेळा आला तर एक वीत. मोठे शब्द आधी मधोमध लिहायचे, मग लहान शब्द मोकळ्या जागेत बसवायचे.

समजा वर्गात चोवीस मुलं आहेत. तीन-तीन शब्दांप्रमाणे बहात्तर चिठ्ठ्या झाल्या. पावसाच्या प्रश्नाला चिखल चौदा जणांनी लिहिलं, गळती नऊ जणांनी, पेरणी आठ, वीज सात, सुट्टी सहा, छत्री चार, भजी तीन. झाले एक्कावन्न. बाकीच्या एकवीस चिठ्ठ्यांवरचे शब्द एकदा किंवा दोनदाच आले. आता ढग कसा दिसेल ते तुम्हीच सांगा. मधोमध वीतभर उंचीचा चिखल, त्याला लागून चार बोटांचे गळती, पेरणी, वीज, सुट्टी, मग छत्री आणि भजी, आणि कडेनं बारीक शब्दांची नक्षी. मुलांच्या मनातल्या पावसात छत्री आणि भजी लहान आहेत, चिखल आणि गळती मोठी आहे. ज्या बाईंना हे दिसलं, त्या पावसाचा धडा कुठून सुरू करायचा हे कोणाला विचारायला जाणार नाहीत.

ढीग लावतानाच व्याकरण

मघाशी म्हटलं की हातानं केलेला ढग जास्त शिकवतो. त्याचं कारण तिसऱ्या पायरीत आहे. एकानं लिहिलं 'गळती', दुसऱ्यानं 'गळतं', तिसऱ्यानं 'घर गळतंय'. हे तीन ढीग की एक? मुलांना ठरवू द्या. भांडतील, पण शब्दांवरून भांडतील.

मराठीत शब्द बदलत राहतो. शाळा, शाळेत, शाळेला, शाळेची. कॉम्प्युटर या चार शब्दांना चार वेगळे शब्द समजतो आणि चारही लहान दाखवतो. मुलं मात्र सांगतात, 'बाई, हे सगळं शाळाच आहे की.' मग बाई विचारू शकतात, 'शाळा'चं 'शाळे' कशामुळे झालं? प्रत्यय लागला म्हणून. सामान्यरूप नावाची जी गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात कोरडी वाटते, ती इथे हाताला लागते.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. आमचा भाग ऊसतोडणीला जाणाऱ्यांचा, त्यामुळे कोणत्याही ढगात ऊस येतोच. ऊस एकटा असताना दीर्घ, पण उसाचा, उसात म्हणताना ऱ्हस्व. दूध पण दुधाचं, फूल पण फुलाचं, मूल पण मुलाला. या जोड्या ढिगात शेजारी शेजारी ठेवल्या की नियम मुलांच्याच लक्षात येतो.

आणि बोलीचं काय? कोणी 'पाणी' लिहितं, कोणी 'पानी'. ढीग एकच करायचा. ढगात प्रमाण रूप लिहायचं, पण 'पानी' लिहिणाऱ्या मुलाची चिठ्ठी फाडायची नाही की तिच्यावर लाल फुली मारायची नाही. त्यानं शब्द बरोबरच सांगितलाय, फक्त तो आईच्या तोंडून ऐकला तसा लिहिलाय. घरची भाषा चुकीची आहे असं ज्या मुलाला पहिलीत कळलं, ते पुढे वर्गात तोंड उघडत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींनी हे भोगलंय.

बारीक भरडा चाळून घ्यायलाही विसरू नका. चिठ्ठ्यांऐवजी धड्यातला उतारा घेऊन ढग करायचा असेल तर आणि, आहे, पण, होता, तो, ती हेच शब्द सगळ्यात मोठे येतील, कारण प्रत्येक वाक्यात तेच असतात. ते आधी चाळणीनं बाजूला काढायचे. उरतात ते धड्याचे शब्द. पाठ वाचायच्या आधी असा ढग दाखवून 'हा धडा कशाबद्दल असेल' असं विचारलं, तर मुलं अंदाज बांधतात आणि मग तो खरा ठरतो का हे बघायला लक्ष देऊन वाचतात.

ढग वाचायचा कसा?

ढग लिहून भिंतीला चिकटवला म्हणजे काम झालं असं नाही. तिथून बोलणं सुरू होतं. ढगावर विचारायचे प्रश्न आम्ही तीनच सांगतो. हा शब्द मोठा का आला? हा लहान का? आणि कोणता शब्द यायला हवा होता, पण आला नाही?

पावसाच्या ढगातला 'वीज' शब्द घ्या. सात जणांनी लिहिला. पण कोणती वीज? आभाळात कडाडते ती, की पाऊस आला की जाते ती? ढग हे सांगत नाही. ते लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं, आणि विचारलं की एका शब्दाच्या दोन गोष्टी बाहेर पडतात. एक मूल सांगतं, गेल्या वर्षी बांधावर वीज पडून बैल गेला. दुसरं सांगतं, लाईट जाते म्हणून अभ्यास होत नाही. एकाच वेळी विज्ञानाचा धडा निघाला आणि ग्रामसभेचा विषयही निघाला.

दुसरं लक्षात ठेवायचं ते लांबीचं. 'ऊस' हा दोन अक्षरांचा शब्द आणि 'पाणीपुरवठा' हा सहा अक्षरांचा. दोन्ही सारख्याच वेळा आले, उंची सारखीच ठेवली, तरी लांब शब्द जास्त जागा खातो आणि डोळ्याला मोठा वाटतो. म्हणून मोजायचं झालं तर ढगाकडे बघून मोजू नका, चिंचोक्यांच्या ओळी बघा. चौदा चिंचोक्यांची ओळ आणि सात चिंचोक्यांची ओळ शेजारी ठेवली की 'दुप्पट' शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्याच ओळी वहीत उभ्या चौकटी करून काढल्या की स्तंभालेख तयार. भाषेच्या तासात गणितही होतं.

धड्याआधी एक, धड्यानंतर एक

ढगाचा सगळ्यात चांगला उपयोग जोडीनं होतो. विषय शिकवायच्या आधी एक ढग आणि शिकवून झाल्यावर त्याच प्रश्नाचा दुसरा.

किशोरवयीन मुलींच्या आरोग्याच्या सत्रात हे करून बघण्यासारखं आहे. प्रश्न : अंगात रक्त कमी असणं म्हणजे काय? आधीच्या ढगात बहुधा येतात ते शब्द असे : चक्कर, थकवा, सुई, दवाखाना, लाल गोळी. म्हणजे त्रास ठाऊक आहे, कारण ठाऊक नाही. मग सत्र होतं. लोह म्हणजे काय, हिमोग्लोबिन काय काम करतं, बारा वर्षांवरच्या मुलीत ते बारा ग्रॅमच्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात, आठवड्याची लोहाची गोळी जेवणानंतर का घ्यायची, चहाबरोबर का नाही, पालेभाजीवर लिंबू का पिळायचं. नंतरच्या ढगात हिमोग्लोबिन, लोह, लिंबू, बाजरी, शेवगा असे शब्द आले तर सत्र पोचलं. आणि नंतरच्या ढगातही फक्त चक्कर आणि दवाखानाच मोठे राहिले, तर मुलींना दोष देण्याचं कारण नाही, सत्र पुन्हा वेगळ्या रीतीनं घ्यायचं.

परीक्षेत एकेक मुलगी नापास होते. ढगात कोणीच नापास होत नाही, पण शिकवणाऱ्याला आपलं शिकवणं कितपत उतरलं ते कळतं.

मोठ्यांच्या वर्गात ढग

आता संध्याकाळच्या वर्गाकडे येऊ. उल्लास नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे आणि तो पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आहे. त्यात आपल्या सासवा आहेत, जावा आहेत. त्यांना 'कमळ बघ, छगन पळ' अशी वाक्यं दिली तर त्या हसतात. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला पळणाऱ्या छगनशी काय देणंघेणं?

ब्राझील देशात पाउलो फ्रेरे नावाचे मोठे शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. १९६३ साली तिथल्या आंजिकोस या गावात सुमारे तीनशे मजुरांना त्यांच्या पद्धतीनं लिहा-वाचायला शिकवलं गेलं. पद्धत अशी होती : आधी लोकांत मिसळून त्यांच्या बोलण्यात कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात, कोणत्या शब्दांत त्यांचं जगणं भरलेलं आहे, ते टिपायचं. त्यातले मोजके शब्द निवडायचे. त्यांच्या भाषेत विटेला 'तिजोलो' म्हणतात. वीट कोण पाडतं, घर कोणाचं होतं, यावर आधी बोलायचं, मग त्या शब्दाची अक्षरं सुटी करायची, ता-ते-ती अशी बाराखडी करायची आणि त्यांतून नवे शब्द बांधायचे. पुढच्याच वर्षी तिथे लष्करानं सत्ता घेतली, ते काम बंद पडलं, फ्रेरे यांना तुरुंगात टाकलं गेलं आणि नंतर देश सोडावा लागला. माणसं आपल्याच शब्दांतून वाचायला लागली की प्रश्नही विचारू लागतात, एवढं त्यावरून कळतं.

आपल्या वर्गात तेच शब्द ढगातून सापडतात. 'दिवाळीनंतर काय' असं आमच्या भागातल्या बायांना विचारलं, तर ढग आधीच सांगता येतो : कोयता, उचल, मुकादम, कारखाना, कोपी, मोळी, वाढं. लिहिता येत नसेल तर त्या बोलतील, आपण लिहायचं आणि प्रत्येक वेळी शब्दाशेजारी एक चिंचोका ठेवायचा. मोठा आलेला शब्द घ्यायचा, समजा कोयता. आधी त्यावर बोलायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल त्या जोडीवर मिळते, पण उचलीचा हिशोब कोणाच्या वहीत असतो? बाईनं तो कधी पाहिलाय का?

मग अक्षरं सुटी करायची : को, य, ता. क, य, त यांची बाराखडी केली की त्याच तीन अक्षरांतून काय, ताक, कोय, ती, काकी असे शब्द होतात आणि 'काकी येते' हे वाक्यसुद्धा होतं. पहिल्याच आठवड्यात बाई एक अख्खं वाक्य वाचते आणि त्यातली काकी तिच्या ओळखीची असते. पुढे 'उचल' घेतला की बेरीज-वजाबाकी आलीच. अंगठ्याच्या जागी सही करता येणं ही चांगली गोष्ट आहे, पण सही कशाखाली करतोय ते वाचता येणं त्याहून चांगलं.

मोबाईलवर करायचा असेल तर

ज्या शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे, तिथे मेंटीमीटरसारखी साधनं वापरता येतात. शिक्षक प्रश्न टाकतात, मुलं किंवा पालक आपल्या फोनवरून एक क्रमांक टाकून उत्तर देतात आणि पडद्यावर ढग डोळ्यांदेखत वाढत जातो. वर्डआर्टसारख्या साधनात उतारा चिकटवला की तो ढग करून देतो.

मराठीसाठी काही गोष्टी सांभाळा. एक, देवनागरीसाठी योग्य फॉन्ट निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. आधी दोन-तीन शब्द टाकून बघा. दोन, 'पिण्याचं पाणी' असे दोन शब्द एकत्र राहायला हवे असतील तर मध्ये जागा न सोडता आडवी रेघ द्या. तीन, आणि, आहे, पण हे मराठी शब्द साधन आपोआप गाळेलच असं नाही, ते आपणच आधी काढायचे. चार, मुलांची नावं, फोन नंबर, घरची माहिती अशा साधनात टाकायची नाही. आणि वर्गात ज्यांच्या घरी फोन नाही अशी दोन मुलं जरी असली, तरी सरळ चिठ्ठ्याच वापरा. तीन शब्दांचा हक्क सगळ्यांचा सारखा आहे.

बारीक शब्दाकडे बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं. ढग मोठ्या शब्दाला आणखी मोठं करतो, ही त्याची ताकद आहे आणि तोच त्याचा धोका आहे. जास्त जणांनी सांगितलं म्हणजे ते जास्त महत्त्वाचं, असं नसतं. कधी कधी एकदाच आलेला शब्द सगळ्यात जड असतो. कॉम्प्युटर तर जागा पुरली नाही की असे शब्द गाळूनच टाकतो.

आमच्या भागातल्या एका शाळेत सातवी-आठवीच्या मुलामुलींना हाच प्रश्न विचारला होता, दिवाळीनंतर काय. आम्ही गटाच्या दोघी-तिघी ढीग लावायला मदतीला होतो. कारखाना, गाडी, आजी, थंडी, वसतिगृह हे शब्द मोठे आले. बहुतेक मुलांचे आईवडील तोडणीला जाणार होते. आणि एका चिठ्ठीवर शब्द होता 'लग्न'. एकच चिठ्ठी. कोणी म्हणेल, मावशीचं असेल, दादाचं असेल. असेलही. पण तोडणीला जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही काळजी आमच्याकडे घराघरात आहे आणि त्या काळजीपोटी काय होतं हे आपण सगळ्या जाणतो. शिवाय लग्न झालं की आणखी एक कोयता होतो, आणखी एक उचल मिळते.

शिक्षिकाबाईंनी ती चिठ्ठी भिंतीवर जाऊ दिली नाही. 'ही कोणाची' असं विचारलंही नाही, अक्षर जुळवत बसल्या नाहीत. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही असा शब्द मुलांना दिला होता, तो पाळला. मग आम्ही ठरवलं की फक्त एका घरी नाही, वर्गातल्या सगळ्या मुलींच्या घरी जायचं आणि हंगामी वसतिगृहाच्या नोंदणीबद्दल बोलायचं. आईवडील तोडणीला गेले की मुलांना गावातच राहून शिकता यावं, दोन वेळचं जेवण मिळावं, यासाठी ती सोय असते. सगळ्या घरी गेल्यामुळे कोणाकडे बोट दाखवलं गेलं नाही. एका घरात चहा होईपर्यंत आई काही बोलली नाही. नंतर बोलली. बोलणी चालू होती, सुपारी अजून फुटली नव्हती. तिची अडचण एकच होती : आजी थकलेली, रात्री पोरीजवळ कोण? गटातल्याच एका ताईनं ती जबाबदारी घेतली, बाईंनी शाळेची घेतली, आणि कायद्यानं मुलीचं वय अठरा लागतं हे वडिलांना ग्रामसेवकांनी सांगितलं. मुलगी मागे राहिली आणि त्या वर्षी परीक्षेला बसली. पुढच्या दिवाळीला काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही. म्हणून पुढच्या दिवाळीच्या आधीही त्या घरी जायचं आहे.

ही गोष्ट आम्ही ढगाचं कौतुक म्हणून सांगत नाही. नुसता ढग केला असता तर तो शब्द कोपऱ्यात एका बोटाएवढा राहिला असता, किंवा राहिलाही नसता. म्हणून नियम करा. भिंतीवर ढग लावायच्या आधी शिक्षकांनी एकदा-दोनदा आलेल्या सगळ्या चिठ्ठ्या एकट्यानं वाचायच्या. मार, भीती, दारू, लग्न, उपाशी असा शब्द दिसला तर तो वर्गात चर्चेला घ्यायचा नाही. शांतपणे, सगळ्यांना सामावून घेत, माग काढायचा. मूल संकटात आहे असं वाटलं तर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे, फोन मोफत लागतो. खेडेगावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकांवर जबाबदारी असते, हेही लक्षात ठेवा. बालविवाहाचा कायदा २००६ चा आहे : मुलगी अठरा, मुलगा एकवीस.

या महिन्यात काय कराल?

माता-पालक गटातल्या सख्यांनो, पुढच्या बैठकीत एक ढग करून बघा. प्रश्न सोपा घ्या : 'आपलं मूल शाळेतून घरी आल्यावर काय काय बोलतं?' प्रत्येकीचे तीन शब्द. अभ्यास, खेळ, भूक, भांडण, बाई, मोबाईल, काय मोठं येतंय ते बघा. तोच प्रश्न बाईंना वर्गात मुलांना विचारायला सांगा : 'घरी गेल्यावर तू काय काय सांगतोस?' दोन ढग शेजारी लावा. आयांच्या ढगात नसलेला जो शब्द मुलांच्या ढगात आहे, त्यावर त्या दिवशीची बैठक होऊ द्या.

साक्षरता वर्ग घेणाऱ्या ताईंनी पुस्तक उघडायच्या आधी बायांचे पंधरा शब्द गोळा करावेत आणि पहिले पाच पाठ त्या शब्दांचे घ्यावेत. पुस्तक नंतर आहेच.

शिक्षक ऐकत असतील तर त्यांना एवढीच विनंती : महिन्यातून एकदा, एका विषयाचे दोन ढग, आधीचा आणि नंतरचा. दोन्ही तारीख घालून जपून ठेवा. वर्षाअखेरीस पालकांना निकालपत्रकाबरोबर तेही दाखवा.

तुमच्या शाळेत किंवा गटात ढग केलात तर त्यातले सगळ्यात मोठे तीन शब्द आणि सगळ्यात बारीक एक शब्द आम्हाला कळवा. कोणाचं नाव न घेता ते आपण पुढच्या एखाद्या कार्यक्रमात वाचू. चिंचोके मात्र आताच धुऊन, वाळवून डब्यात भरून ठेवा. ते पुन्हा पुन्हा लागणार आहेत.